मुद्दल

शुक्रवारी रात्री भांडी आवरली
की इर्या टेबलावर पाच पाकिटं मांडायची.
किराणा, गाडी, गॅस, सिर्पाचे बूट.
पाचव्यावर अक्षर नव्हतं,
एक घर काढलेलं, धुराडं जरा वाकडं.

पंचवीस वर्षांचं कर्ज. बँकेनं दिलेला तक्ता
तिनं फ्रिजवर लावला.
पहिल्या हप्त्यात मुद्दल इतकं कमी
की मी म्हणालो, छपाईची चूक असेल.
नाही ओर्वो, हे व्याज. हे आपल्याआधी जेवतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आम्ही दुमडूनच झोपलो,
थंडर बेच्या उणे तिसात,
घरातला पारा सतरावर, अंगात दोन-दोन स्वेटर.
ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत,
मी बंदरावर, गव्हाच्या कोठारात.
डब्यात राईचा पाव आणि मीच धुरावलेला मासा,
सोमवार ते शुक्रवार.
डंकन म्हणायचा, तुझ्या डब्याचा वास बदलला
की समजेन तुला लॉटरी लागली.
समोर लेक सुपीरियर, समुद्राएवढं तळं.
थेंबे थेंबे कुणी साचवलं, देव जाणे.

महिन्याऐवजी दर दोन आठवड्यांनी अर्धा हप्ता भरा,
वर्षाकाठी एक पूर्ण हप्ता जास्तीचा जातो
आणि कळतही नाही.
कळत नाही म्हणे!
मार्चमध्ये हटकून कळायचं.

वहीतला हिशोब तिचा. माझा डोक्यात.
सोडलेली सिगारेट म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी.
न घेतलेला ट्रक म्हणजे तळघराच्या दोन भिंती.
मी कापलेले तिचे केस, तिनं कापलेले माझे
(ते पाहून सिर्पा दोन रविवार आमच्याबरोबर चर्चला आली नाही)
म्हणजे मागच्या दाराची मूठ, कडीसकट.
असं सुटत गेलं घर बँकेच्या हातून,
एकेक खिळा.

नवव्या वर्षी कोकोलाहून फोन. आई गेली.
तिकीट एकोणीसशे डॉलर.
पाचव्या पाकिटात दोन हजार सदतीस.
इर्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं, बोलली काहीच नाही.
मी ते परत सरकवलं.
मीच.
हे सांगायला हवं, कारण लोक तिला चिक्कू म्हणतात.

तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी.
करकरते.
मी दुरुस्त करत नाही.

चौदाव्या वर्षी, ऑक्टोबरात, संपलं.
बँकेतली पोरगी अभिनंदन म्हणाली
आणि लगेच बोजा उतरवायची फी सांगितली.
बोजा उतरवायची फी!
इर्यानं पर्स उघडून नाणी मोजायला घेतली,
मुद्दाम, एकेक,
रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.
बाहेर येऊन आम्ही विकतची कॉफी प्यायलो.
ठीक होती.

त्या रात्री पारा एकवीसवर नेला.
दोघांनाही उकडलं, झोप येईना.
पुन्हा सतरा.

पुढच्या शुक्रवारी भांडी आवरली
आणि पाकिटं आली. पाचवंही.
आता कशाला, मी म्हटलं.
तिनं घरावर रेघ मारली, खाली लिहिलं: कोकोला.
तुझा पासपोर्ट कुठं आहे?
म्हटलं, थडग्याला कसली घाई असते.
ती म्हणाली, ते मुद्दल आहे, ओर्वो.
इतकी वर्षं आपण व्याजच भरतोय.

मी उठलो, भट्टी बघायला म्हणून
उगाच तळघराकडे निघालो.
तिसऱ्या पायरीवर जरा थांबलो, दिवा न लावता.
ती करकरली.
वरून इर्या म्हणाली, ऐकलं.