ग्रेड

कंपनीचा नवा कॅटलॉग आला.
पाकीट फोडण्याआधी हात धुतले, तरी
कव्हरावरच्या बर्फात माझ्या अंगठ्याचं ग्रीस उमटलंच.
कुडचड्यात बर्फ. असो.

मागच्या साली जी ‘ट्रेल’ होती
ती यंदा ‘ऑल-माउंटन’ झालीय.
जी ऑल-माउंटन होती, तिचा फोर्क दोन बोटं लांबला
आणि ती ‘एन्ड्युरो’त गेली,
मोठ्या घरात दिल्यासारखी.
क्रॉस-कंट्री आणि ट्रेल यांच्या मधल्या फटीत
जेमतेम एक चिंचोका मावला असता,
तिथं त्यांनी ‘डाउनकंट्री’ बसवली.
म्हणजे कुठली, मी फोनवर विचारलं.
पणजीचा डीलर म्हणाला, मॅडम,
विकायचं आहे, समजून घ्यायचं नाही.

पप्पा रिवणच्या खाणीवर सॅम्पलर होते.
कापडी पिशवीत मूठभर माती, वर पेन्सिलीनं नंबर.
बासष्टच्या वर ते ओर.
खालचं सगळं रिजेक्शन, उतारावर ओतून मोकळं व्हायचं.
मग एका साली दूरच्या कुणाला तरी अठ्ठावन्नही चालू लागलं
आणि टाकलेला डंप रातोरात ‘लो ग्रेड’ म्हणून बार्जीत चढला.
माती तीच. पावसात धुपून उलट थोडी कमीच.
‘मातयेक कोण विचारता गो?’ पप्पा म्हणायचे,
‘भाव उलयता.’

ट्रक थांबले तेव्हा
हे ट्रकच्या टायरांचं दुकान मी सायकलींचं केलं.
बंद खाणीच्या पायऱ्यांवरून आता रविवारी
मडगावची पोरं उतरतात, गुडघ्यांना ढाली बांधून.
त्यांच्यातला लुसियान कोनमापक घेऊन येतो:
पासष्ट अंश, मग चौसष्ट, यंदा त्रेसष्ट.
पुढचं चाक दर वर्षी थोडं पुढे सरकतंय,
घर सोडायचं ठरवलेल्या पण अजून न बोललेल्या पोरासारखं.
बारा किलोची होती ती बावीसची झाली, पोटात बॅटरी;
चढावर तिला घाम येत नाही.
चाकं एकोणतीस. किंवा पुढचं एकोणतीस, मागचं साडेसत्तावीस,
बैलाशेजारी रेडा जुंपावा तशी,
आणि त्या विजोडालाही वेगळं नाव, वेगळी किंमत.

सव्वीस कुठे आहे?
पानं उलटी चाळली.
मुलांच्या पानावर, चोवीसच्या शेजारी, तिथंही नाही.

आणि मी शटर ओढणार इतक्यात
शाबा वेळीप, कावऱ्याहून.
कॅरिअरला काटेकणगांचं पोतं, सुंभानं आवळलेलं.
सव्वीस इंच, सरळ हँडल, सस्पेन्शन नाही;
सस्पेन्शन म्हणजे त्याची कोपरं.
‘ट्यूबी दी. दोन.’
वरच्या फळीवरून काढून देते, पावडर झटकून.
मागे किती उरल्या ते सांगत नाही.

कुठून आलास?
डंपावरून, म्हणतो, मग पायऱ्यांच्या कडेनं, ओहोळातून खाली.
म्हणजे तीच वाट. पोरांनी तिला
सगळ्यांत अवघड, काळा दर्जा दिलाय, खांब रोवून पाटी लावलीय.
पाहिलीस का पाटी?
पाहिली, म्हणतो. पोतं सारखं करताना
सायकल टेकवायला बरी आहे.

बिलबुकात मॉडेलचा रकाना असतो.
मी पेन धरून थांबते.
तो कॅटलॉगवरचा बर्फ बघतोय, बोट न लावता.
‘शाबाची’, मी लिहिते.
भाव जुनाच लावते.

ट्यूबा खांद्यावर अडकवून तो निघतो,
दिवा नसलेली ती माझ्या ट्यूबलाइटच्या उजेडातून
बाहेर जाते, आणि नुसत्या आवाजावरून कळतं
चेन कोरडी आहे.
हाक मारायला हवी होती.
तेलाचे काही मी घेतले नसते.