हरकत आहे

हळदीच्या मोंढ्यात डबा फुटला, त्याला चौथं वर्ष.
वसमतच्या कोर्टात माझी खोली
मुद्देमालाच्या खोलीला लागून, मधे पत्र्याचं दार.
पाकिटं उघडली की
बोटांना अजून पिवळं लागतं.

पहिल्या रात्री रिमांडला मीच उभी होते.
लाइट गेलेली. शिपायाच्या मोबाइलच्या उजेडात
कलमं वाचली.
गेटवर लोक विचारत होते, ताई, फाशी कधी?
म्हटलं, आधी पंचनाम्यावर सह्या तर होऊ द्या.

वकील संघाचा ठराव झाला:
आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही.
मी कुरुंदकर वकिलांना चहा पाजला, म्हटलं,
समोर कुणीच नसेल तर मी भांडू कुणाशी?
सकाळी त्यांनी वकीलपत्र दाखल केलं,
संध्याकाळी त्यांच्या पाटीला डांबर.
अजून पुसलं नाही त्यांनी.

इसाक हमाल दर तारखेला यायचा.
त्याचा हातगाडा: मुद्देमाल क्रमांक चौदा.
फळ्यांत एकोणीस छिद्रं, मी स्वतः मोजलेली;
किती उंचीवर, कुठल्या तिरक्यानं,
त्यावरून कळतं डबा कुठं ठेवला होता.
त्याच गाड्यावर धाकट्या भावाला घालून
तो सरकारी दवाखान्यापर्यंत पळाला होता.
तेवढ्या वाटेत भाऊ गेला.

त्याचा अर्ज आला, गाडा परत मिळावा.
मी से लिहिला: हरकत आहे.
खाली सही, तारीख.
"कामून?"
मी छिद्रांचं सांगितलं.
बराच वेळ फळीकडं बघत राहिला,
मग म्हणाला, "भोकं ठेवून घ्या बाईसाहेब,
चाकं तरी द्या."

मागच्या महिन्यात खटला विशेष कोर्टात गेला.
ट्रक आला. इस्त्रीच्या शर्टातली पोरं,
टाइप केलेल्या याद्या.
गाडा आडवा करून चढवला.
माझ्याकडं पोच उरली, दोन पानांची.

नव्या सरकारी वकिलांचा फोन आला, बोलणं अदबीचं.
साक्षीदार क्रमांक सात कसा आहे? फितूर होईल का?
म्हटलं, होणार नाही. त्याला भत्ता आधी द्या,
मुंबईचं तिकीट त्याला परवडत नाही.
आणि उजव्या बाजूला उभं राहून विचारा,
डावा कान त्याच दिवशी गेला.
जबाबात ते नाही. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं,
मीसुद्धा.

आज इथं तारीख नव्हती, तरी इसाक आला.
पत्र्याच्या दाराशी उभा,
उजवा कान
रिकाम्या खोलीकडं करून.