प्रश्न एकेचाळिसावा

ताप येतो का, असं त्सेवेलमा आजींना विचारलं,
तर म्हणाल्या, येतो ना, जुनी ओळख आहे.
दिवेलागणीला येतो, गुडघ्यांत ठाण मांडतो,
पहाटे पांघरूण घामानं भिजवून निघून जातो.
तीन वर्षं अंगावर काढला.
मी लिहिलं : होय.
फॉर्मवर तेवढीच जागा होती.

एप्रिल. खानगाईच्या उतारांवर अजून बर्फाचे पट्टे,
शेळ्या विण्याचे दिवस.
गानहुयाग जीपच्या बॅटरीवर सेंट्रिफ्यूज लावतो,
घरघर ऐकून पोरं गोळा होतात,
जणू आतून लोणीच निघणार आहे.
निघतो तो पिवळसर थेंब.
पांढऱ्या टाइलवर मी त्याच्यात गुलाबी थेंब मिसळते
आणि चार मिनिटं टाइल डोलवत राहते,
मूल निजवावं तशी.
गुलाबी गुलाबीच राहिलं तर ठीक.
पण दूध नासताना धरतात तशा गाठी धरल्या,
तर समजायचं, रक्त सांगतंय :
हो, मी भेटलंय ह्याला.

सोळा तंबू, एकशे बारा माणसं.
माझा अंदाज साधा होता, राजधानीत बसून केलेला :
जो कापतो त्याला, जी धार काढते तिला,
जो कच्चं दूध पितो त्याला.
दूध तर इथे सगळेच उकळतात,
मला बजावून सांगतात, उकळतो हं,
जशी मी पोलिसांतून आले आहे.
आणि आजींना सोडलं तर गाठी कुणाच्या रक्तात?
नऊ, दहा, अकरा वर्षांच्या मुलींच्या.
सात मुली. मुलगा एकही नाही.
मी टाइल धुतली. रंगाची बाटली बदलली.
पुन्हा केलं.
सातच.

चाळीस प्रश्न, मीच लिहिलेले.
मुलींसाठी त्यांत एकच रकाना : 'घरकामात मदत करते.'

रात्री शेळी ओरडली.
अनुदारीला कुणी हाक मारली नाही, ती आपणच उठली.
मी बॅटरी घेऊन मागे गेले.
दोन करडं. एक उभं राहायच्या खटपटीत,
दुसरं ओल्या चिंधीसारखं पडलेलं.
तिनं नखानं पडदा फाडला,
वार पायानं बाजूला सारली,
करडाचं नाक आपल्या ओठांत घेतलं,
ओढलं, थुंकली,
मग फुंकर. थांबली. पुन्हा फुंकर.
मी बॅटरी धरून उभी.
मला 'नको' म्हणायचं होतं.
करडू शिंकलं.

तिनं ते अंगरख्याच्या आत, पोटाशी घेतलं,
वर पट्टा आवळला आणि तशीच झोपली.

सकाळी आजी म्हणाल्या, मुलगे घोड्यांवर असतात,
आणि ह्या कामाला हात लहान लागतात.
शिवाय मुलींचा श्वास ऊन असतो, असं माझी आई सांगायची.
गेल्या साली किती गाभडल्या, मी विचारलं.
आजींनी बोटं मोजली, दोन्ही हातांची संपली,
मग त्यांनी अनुदारीचा हात उसना घेतला.

माझ्याकडे हातमोज्यांचा खोका होता.
तिला घालून पाहिले.
बोटांची टोकं रिकामीच लोंबत राहिली,
ती हसली, त्यांची शिंगं करून भावाला भिववलं.
श्वासाला घालायचं तर काहीच नव्हतं खोक्यात.

तिच्या नावापुढे सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहिल्या.
आजींना दोनदा समजावलं, एकही दिवस चुकवायचा नाही.
नंतर शेवटच्या पानाच्या तळाशी, पेननं,
वेड्यावाकड्या ओळीत लिहिलं :
४१. करडाला श्वास कोण देतं?
खाली 'होय' आणि 'नाही'चे चौकोन आधीचेच छापलेले,
ते खोडून टाकले.

जीप सुरू झाली तेव्हा ती काचेशी आली.
गळ्याशी अंगरख्यातून दोन कान बाहेर.
हे जगेल ना, तिनं विचारलं.
जगेल, मी म्हटलं.
स्वतःबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.
पुढच्या तंबूपर्यंत गानहुयाग आणि मी
मिठाचा चहा एकाच झाकणातून पीत गेलो,
उकळलेला.