ताण

डिसेंबरच्या सतरा तारखेला
कोंढाळीच्या अलीकडे, नाल्याकाठच्या बागेत
मी दोन काड्या पुरल्या.
एक वीतभर खोल, एक हातभर.
वर खांबाला पाटीएवढं सौर पान,
आत एक सिमकार्ड, त्याला रेंज फक्त
उत्तरेच्या कोपऱ्यात, बोरीखाली.

संत्र्याची चारशे बारा झाडं,
बुंध्यांना बोर्डोची निळसर पट्टी.
वच्छलाबाई चरडे मागं उभ्या, हातात मोबाइल,
आणि त्यात मी नुकतंच घातलेलं माझं कौतुक:
हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे जपा,
तांबडं म्हणजे पाणी.

आठव्या दिवशी तांबडं.
नवव्या दिवशी तांबडं.
दहाव्या दिवशी मी धंतोलीच्या तिसऱ्या मजल्यावरून
फोन केला: बाई, झाडं तहानलीत.
"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या,
"म्याच ठेवली तशी."

एसटीनं गेले.
ठिबकच्या नळ्या कोरड्या, कोळ्यांनी जाळी विणलेली,
काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा,
पानांच्या कडा आत वळलेल्या.
बाईंनी माझा हात एका फांदीवर ठेवला.
"हा ताण हाये, पोरी.
उपाशी राह्यल्याबिगर आंबिया फुटत नाही.
तुह्या यंत्राले हा शब्द शिकवला का कोनं?"

कोणीच नव्हता शिकवला.
आमच्या यादीत ओल होती, ऊन होतं, वारा होता,
बॅटरी किती उरली तेही होतं.
तहानही होती,
पण चूक म्हणून.

मग ओट्यावर बसून मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या.
ताण तोडायचा कधी?
"दुपारी पानानं मान टाकली, सकाळी उचलली, तवरीक चालू दे.
सकाळीबी उचलली नाही
त मंग पाणी सोड, माह्या तोंडाकडं पाहू नको."
मी लिहून घेतलं: पहाटे सहाचा आकडा पाहणे.
त्या रात्री यंत्राला पंचेचाळीस दिवस
गप्प बसायला शिकवलं.
सोपं नव्हतं. त्याला सारखं बोलायची सवय.

फेब्रुवारीत बाग पांढरी झाली.
वासाचा आकडा नसतो, म्हणून तो कुठंच नोंदला नाही.

इथवर गोष्ट बाईंची.
पुढं खालची काडी बोलली.
हातभर खोल, सातव्या ओळीत, नाल्याच्या अंगाला,
ओल, ओल, रोज ओल.
रात्रीची थ्री फेज यायची, कॉक उघडा राहायचा,
वरची माती दुपारपर्यंत भुरभुरीत,
म्हणून बाई पुन्हा पाणी देत.
आम्ही कुदळीनं खणलं.
मुळं काळी. कुजका, आंबूस वास.
बुंध्यावर डिंकाचा थेंब, मधासारखा, उन्हात चमकणारा.

बाई बऱ्याच वेळानं बोलल्या,
"वरून त कोरडं दिसे."

आठ तासांचं पाणी अडीच तासांवर आलं.
सातव्या ओळीतली अकरा झाडं तरी गेलीच.

आता अॅपमध्ये चौथा रंग आहे, जांभळा.
रंग बाईंनीच निवडला, लुगड्याच्या काठाचा.
तो आला की खाली अक्षरं उमटतात:
थांबा, ताण चालू आहे.

काल साडेदहाला त्यांचा फोन.
"खालची काय म्हन्ते आज?"
मी पाहिलं, आकडा सांगितला.
"हूं," म्हणाल्या. "जाऊन पाह्यतो,"
आणि चपला शोधल्याचा आवाज आला.