अधिक-उणे

रबाळ्याला आमची लॅब आहे, मी दुकानच म्हणतो.
लोक काटे, थर्मामीटर, प्रेशर गेज घेऊन येतात
आणि आम्ही सांगतो, हे किती खोटं बोलतं.

खोटं सगळंच बोलतं.
बावीस वर्षांत एकही दाखला असा गेला नाही
ज्याच्या शेवटच्या ओळीत अधिक-उणे लिहावं लागलं नाही.
आमच्या स्वतःच्या वजनांचाही दाखला आहे, त्यावरही तेच.
ती मखमलीत झोपतात, चिमट्याने उचलायची,
बोटाचा घाम लागला तर जड होतात बिचारी.
बेलापूर रस्त्यावरून कंटेनर गेला
की तराजूचा शेवटचा आकडा थरथरतो.
आम्ही थांबतो. मग लिहितो.

तर मला सांगू नका.

बायकोच्या मनगटावर घड्याळ आलंय, मुलाने दिलेलं.
सकाळी ती उठते छान ताजीतवानी,
घड्याळ बघते आणि दमते.
"झोप एकसष्ट," म्हणते.
एकसष्ट काय? टक्के? किलो? कोस?
एकक नाही, अधिक-उणे नाही.
मापात पाप असतं हे निदान वाण्याला ठाऊक होतं.

ऐरोलीत आमच्या समोर बोराडे राहतात.
ते म्हणतात, तुम्ही विज्ञानाच्या विरोधात.
मी?
मी आयुष्यभर पाऱ्याच्या रेघेशी डोळा समांतर आणून
श्वास धरून आकडा वाचलाय, बोराडे.
आपण किती चुकलो असू ते आधी लिहायचं
आणि खाली सही करायची, एवढंच तर विज्ञान.
बाकी जाहिरात.
बोराड्यांना पटलं नाही.
रात्री त्यांनी एक व्हिडिओ पाठवला.

होळीच्या सुमारास दाराशी चेहरा ओळखणारं यंत्र बसलं.
हजेरीचं रजिस्टर गेलं,
त्याला सुतळीने बांधलेलं पेनही गेलं.
एचआरच्या रेवती मॅडम म्हणाल्या, आता चुकायचा प्रश्नच नाही.
मी विचारलं, तपासलं कोणी? कशाशी ताडून?
त्या हसल्या.
मीही हसलो, नोकरी आहे.

मग जयदास मढवी चौदा दिवसांनी कामावर आला.
गोठिवलीचा. वडील गेले होते.
डोकं तासलेलं, मिशी गेलेली,
गाल आत.
यंत्रासमोर उभा राहिला.
पुन्हा प्रयत्न करा.
टोपी काढली, चष्मा काढला,
एक पाऊल मागे, एक पुढे, हनुवटी वर.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे आठ जण खोळंबलेले.
आणि मग, मी पाहिलं, तो थोडासा हसला,
कारण नोंदणीच्या फोटोत तो हसत होता.

पुन्हा प्रयत्न करा.

गेटवरचा तांबोळी चहाचा ग्लास घेऊन आला.
नुसतं डोक्याकडे बघितलं त्याने.
"जयदास, ये आत," म्हणाला.
"बाबा का रे?"

पगारात अर्धा दिवस कापला गेला.
मेल केला, उत्तर आलं: यंत्रणेत नोंद नाही.
महिन्याभराने केस आले तसा यंत्राला तो आठवला.
तांबोळी अजून विचारतो, आई जेवते का नीट.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी लॅबच्या छापील कागदावर एक दाखला लिहिला.
उपकरण: चेहरा ओळखणारे, दाराजवळचे.
प्रमाण: सलीम तांबोळी, गेट क्रमांक दोन.
तापमान: तेवीस अंश.
निरीक्षण: माणूस समोर होता.
अधिक-उणे: एक मढवी.

सही केली, शिक्का मारला.
यंत्रावर चिकटवला नाही, घराचे हप्ते आहेत अजून.
ड्रॉवरमध्ये आहे, चिमट्याच्या डबीखाली.
पुढील तपासणीची तारीख लिहायची असते,
तो रकाना मोकळा आहे.