दहा वाजता माइक बंद

तिकीट चारशे नव्याण्णव. म्हणजे
तीन घरांचं रक्त, असा हिशोब मनात झाला
आणि मी लगेच स्वतःला दटावलं :
प्रत्येक गोष्ट सुईपाशी आणून मोजू नये.

दारातल्या मुलीने माझा हात उलटा केला,
मनगटावर निळा शिक्का मारला, खेकड्याचा,
नेमका नाडीवर.
दिवसभर मी लोकांचे हात असे उलटे करते.
माझा कुणी केला नव्हता कितीतरी वर्षांत.
"काकू, मुलीला सोडायला आलात?"
नाही गं. मीच आहे.

बेलापूरच्या हाटातल्या दगडी पायऱ्या
दुपारच्या उन्हाने अजून कोमट,
मागे पारसिकचा डोंगर, खाणवाल्यांनी अर्धा खाल्लेला,
आणि पुढे पाठीवर 'खारफुटी' छापलेली
वीस-बावीस वर्षांची पोरं.
मी लॅबच्या पांढऱ्या सँडलमध्ये.
स्कूटीच्या पायाशी नमुन्यांची पेटी,
आतला बर्फ केव्हाच पाणी झालेला.

चार वर्षं मी यांची गाणी एका कानाने ऐकली आहेत.
दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो
पामबीचवरच्या डंपरसाठी,
सोसायटीच्या वॉचमनसाठी,
"अहो ताई, उपाशीपोटीच ना?" साठी.
नेरूळ, सीवूड्स, करावे, पुन्हा नेरूळ.
दर्पण म्हात्रेचा तो बसका आवाज
असा उजव्या कानातून शिरायचा
आणि डावीकडे जाऊन हॉर्नमध्ये हरवायचा.

आज पहिल्याच गाण्यात
डावीकडून कुणीतरी उत्तर दिलं.
मी दचकून मागे पाहिलं.
मग कळलं : जुई. ती गाते.
ती नेहमीच गात होती, प्रत्येक गाण्यात,
त्याच्या ओळीच्या थोडी खालून,
बाजारात पिशवीचा दुसरा बंद धरून चालावं तशी.
चार वर्षं मला वाटत होतं, तो एकटा आहे.
मी उगीच त्याची काळजी करत होते.

दहाला पाच कमी असताना हवालदार आला,
स्टेजच्या कडेला उभा राहून
मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, दोनदा.
मिठागराचं गाणं राहिलं होतं.
पोरं ओरडली. ठाण्याहून आलो आहोत, असं कुणी म्हणालं,
जणू ठाण्याला वेगळा कायदा आहे.

दहाला माइक मेले.
दर्पण खाली आला, सर्वांत खालच्या पायरीवर बसला,
जुई शेजारी, चप्पल काढून.
गिटार वाजली असावी. हात तर हलत होता.
मी सतराव्या पायरीवर.
माझ्यापर्यंत आला फक्त तारेवर सरकणाऱ्या बोटाचा
तो बारीक ओरखडा,
आणि एक शब्द, बहुतेक 'गो'.

पण गाणं मला येत होतं.
आगरान ठेवली व्हती सावली
कोनी नेली गो, कोनी नेली.
ओठ हलवता हलवता माझा आवाज निघाला,
सकाळच्या पहिल्या घरी निघतो तसा, खरखरीत.
शेजारचा चष्मेवाला पोरगा क्षणभर बघत राहिला
आणि मग त्याने, अगदी हळू,
जुईची ओळ धरली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
गाणं संपल्यावर तो म्हणाला, "तुम्ही वर चढवलंत."
मी म्हटलं, "स्कूटीवर असंच गाते."
हवालदार शेवटपर्यंत थांबला होता.
टोपी काखेत, तोंड डोंगराकडे.

सकाळी साडेसहा, सेक्टर एकोणीस, वझलवार आजोबा.
खेकडा गेला नव्हता. साबणाने अर्धा पुसला होता,
एक नांगी तेवढी शाबूत.
त्यांनी हात पुढे केला, मान दुसरीकडे फिरवली,
डोळे घट्ट मिटले, नेहमीसारखे.
मी पट्टा बांधला. शीर शोधू लागले.
गुणगुणत होते वाटतं,
खालची ओळ, जी मला अजून नीट येत नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.
"थांबा हो," मी म्हटलं, "अजून सुरूच नाही केलं."