स्थिर आकार

घडी घातलेलं बिल पदराच्या गाठीतून येतं,
कधी रेशनकार्डाच्या पिशवीतून.
"वाच की गं येवढं. काय म्हणतंय?"
सहा महिने मी भरणा केंद्राच्या खिडकीत बसले होते,
एकीच्या बाळंतपणाच्या रजेवर, बदली.
तेवढ्यावर उद्यमनगरामागच्या आमच्या बोळात
मी वीजमंडळाची.

वाचते.
स्थिर आकार :
म्हणजे दिवा लावा, नका लावू,
गावाला जा, सीपीआरला खाटेवर पडा,
हा असतोच.
वहन आकार :
रमजानबी शिकलगार हसते,
"आमी दोन जिने घागरी वाहिल्या,
त्येचा आकार कुणाकडं लावायचा?"
इंधन समायोजन आकार :
इथं मी नुसती मान हलवते.
खिडकीच्या आतही हे कुणाला सांगता येत नव्हतं.

मग खाली, जाड अक्षरांत, थकबाकी.
हा शब्द कुणी विचारत नाही.
थकलेलं ठाऊक असतं,
बाकीही.

यंदा जानेवारीत
पंचगंगेवरचं धुकं नऊ वाजले तरी बोळात बसलेलं.
गोदाक्का लोहारीणच्या मालकांची डावी बाजू गेलेली.
सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याचा शेक, डॉक्टरांनी सांगितलंय.
तांब्याचा बंब होता त्यांचा,
दवाखान्याच्या पहिल्याच आठवड्यात मोडीत गेला, वजनावर.
पॅटर्नवाल्यांकडचा भुस्सा पोरं पोत्यानं आणायची,
आता तोही विकतात.
म्हणून बादलीत कॉईल.
कॉईल सोडली की मीटरवरचा लाल ठिपका
डोळा आल्यासारखा मिचमिचतो.
गोदाक्का त्याच्याकडं पाठ करून उभी राहते,
बोटानं पाणी बघते,
अजून थोडं, अजून थोडं.

दोन हजार नऊशे चाळीस.
पंधरा दिवसांत भरा, नाहीतर तोडणार.

हप्त्यांची सोय आहे, साहेब म्हणाले,
पण अर्ज ग्राहकानं स्वतः करायचा.
'स्वतः'वर त्यांनी पेनाचं टोपण ठेवलं.
ग्राहकाचे नाव : धोंडीराम सुबराव लोहार.
गोदाक्काचे सासरे.
पुराच्या आदल्या वर्षी गेले, नव्वदी ओलांडून.
"मग काय घाटावर जाऊन हाक मारू व्हय?"
साहेब हसले नाहीत.
मग जरा वेळानं हसले,
आणि कोरा कागद पुढं सरकवला.

मी लिहायला बसले, ती सांगायला.
"लिही, फुकट नको म्हणावं."
लिहिलं.
"लिही, तोडू नका. तोडलं की जोडायला परत पैसं."
तेही.
कारण काय लिहू, मी विचारलं.
"कढत पाणी," ती म्हणाली.
मी 'कढत पाणी' लिहिलं.
शोभेना म्हणून खोडलं, 'आर्थिक अडचण' लिहिलं.
तिनं वाचायला येत नसताना
त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.
मी खाली पुन्हा लिहिलं, कढत पाणी.
दुसरी ओळही ठेवली. दोन्ही खरी होती.

तीन हप्ते मिळाले.
पहिल्यात रमजानबीच्या सुऱ्या-कात्र्यांची चिल्लर,
आणि सातशे तालमीच्या पोरांचे,
गणपतीच्या लाइटिंगमधून उरलेले.
"लाइटचं लाइटलाच गेलं," म्हणाली, "पावती नको."
गोदाक्कानं तरी पावती मागून घेतली,
म्हाताऱ्याच्या उशाखाली ठेवली,
जणू औषधाची चिठ्ठी.

माझं बिल कॅलेंडरमागं आहे.
सगळ्यांची वाचते, तेवढं एक राहतं.
काल आफ्रीनला म्हटलं, आठवीत आहेस ना, वाच बघू.
ती 'स्थिर आकार'वर अडखळली :
"काकू, म्हणजे चौकोन?"
व्हय गं, चौकोनच,
मी म्हणाले,
आणि पुढचं वाचू दिलं नाही.

आज पहाटे भिंतीवरून तांब्या आला,
वाफ निघत होती.
"शेकून उरलंय, तोंड धुऊन घे. आणि ऐक,
विसण घाल आधी,
लई कढत हाय."